जुई लावायची असेल तर आधी कात्री घ्या

आधी एक कबुली देते. माझी पहिली जुई जुई नव्हतीच. नर्सरीतल्या माणसाने "घ्या ताई, जुईच आहे, पावसाळ्यात बघा कशी भरते" म्हणून रोप हातात दिलं, मी ते रिक्षात मांडीवर घेऊन आले, जून गेला, जुलै गेला, गणपती आले आणि गेले, वेल मस्त हिरवागार पण कळीचा पत्ता नाही. खत बदललं, जागा बदलली, सासूबाई म्हणाल्या त्याची दृष्ट काढ. आणि मग डिसेंबरच्या थंडीत एका सकाळी बघते तर अख्खा वेल पांढराशुभ्र, फुलं चांगली रुपयाएवढी, आणि नाक लावलं तर वास जवळपास नाहीच. कुंद होता तो! कुंद काही वाईट नाही, दिसायला देखणाच, देवाला चालतो, पण मला संध्याकाळी गॅलरीचं दार उघडल्यावर येणारा तो जुईचा वास हवा होता ना.

तर पहिलं काम, रोप ओळखायला शिका. फूल नसताना सुद्धा पानावरून कळतं. जुईचं पान हातात धरून नीट बघा, एक मोठं पान असतं आणि त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दोन पिटुकली पानं, कानाच्या पाळ्यांसारखी. तिचं शास्त्रीय नाव जस्मिनम ऑरिक्युलेटम, त्यातलं ऑरिक्युलेटम म्हणजे "कान असलेलं", ते ह्या पाळ्यांवरूनच पडलंय. कधी कधी एखाद्या पानाला पाळ्या नसतातच, त्यामुळे एका पानावर निकाल देऊ नका, दहाबारा पानं बघा. कुंदाचं पान एकटंच असतं, पाळ्याबिळ्या काही नाही, आणि बोटाला किंचित लव लागते. जाईच्या एका देठावर पाच, सात, नऊ अशी बारीक पानं समोरासमोर लागलेली असतात आणि कळी बाहेरून गुलाबी झाक मारते. जाईलाच काही जण चमेली म्हणतात, काही जण दोन्ही वेगळ्या म्हणतात, त्या भांडणात मी पडत नाही. शक्यतो रोप पावसाळ्यात, फुलावर असतानाच घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

आता मुद्द्याचं. जुईला फुलं येत नाहीत म्हणून जेवढे लोक मला विचारतात त्यातल्या दहापैकी आठ जणांकडे दोनच कारणं निघतात, एक तर ऊन कमी, नाहीतर वेल कधीच छाटलेला नाही. जुईची कळी नव्या फुटव्यावर येते. जुन्या, तपकिरी, शाळेच्या पेन्सिलीएवढ्या जाड झालेल्या फांदीवर ती येत नाही, त्या फांदीतून नवा कोंब निघाला तर त्या कोंबाच्या टोकाला येते. म्हणजे जेवढे नवे कोंब तेवढे झुबके, इतका सरळ हिशोब आहे. आणि आपण काय करतो, वेल वाढतोय वाढतोय म्हणून कौतुकाने बघत बसतो, तो तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर जातो, सगळा जोर उंची गाठण्यात घालवतो, खाली नुसत्या काड्या, आणि फुलं आलीच तर वरच्या काकूंच्या गॅलरीत. हे माझ्याकडे खरंच झालंय, काकू रोज संध्याकाळी ओंजळभर कळ्या खाली आणून द्यायच्या आणि वर "तुमची जुई छान आहे हो" म्हणायच्या.

छाटायची कधी? फुलांचा हंगाम साधारण ऑक्टोबरपर्यंत ओसरतो, मग वेल जरा सुस्त होतो, काही पानं पिवळी होऊन गळतात, पण बोडका होत नाही, वर्षभर हिरवा राहतो हीच तर त्याची मजा. त्याला तसंच राहू द्या. तमिळनाडूत जुईची शेती मोठ्या प्रमाणावर होते, तिकडे तिला मुल्लै म्हणतात, आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे दीड फुटावर, छाटणी करायची. मी पुण्यात संक्रांत झाली की करते. तीळगूळ संपला की कात्री बाहेर, असं लक्षात ठेवलंय. गॅलरीतला वेल एकदम दीड फुटावर आणायचा धीर होत नसेल तर पहिल्या वर्षी अडीच-तीन फुटांचा सांगाडा ठेवा, पण त्याच्या वर काही म्हणजे काही ठेवू नका.

छाटायच्या आधी आठवडाभर पाणी कमी करायचं, बंद नाही, कमी. मग धारदार कात्री, फडक्याला स्पिरिट लावून पुसून घेतलेली (बोथट कात्रीने फांदी चेचली जाते आणि तिथून मर येते). आधी वाळलेल्या फांद्या काढा, त्या नखाने खरवडल्या की आतून तपकिरी निघतात, जिवंत असेल तर आतून हिरवी ओली साल दिसते. मग आतल्या बाजूला गुंता झालेल्या दोऱ्यासारख्या बारीक काड्या काढा. मग उरलेल्या चांगल्या चार-पाच जाड फांद्या डोळ्याच्या थोडं वर, तिरका काप देऊन छाटा. डोळा म्हणजे पान जिथून निघतं तिथला तो बारीक टपोरा ठिपका. कापांवर हळद लावतात बरेच जण, मी जाड फांदीवर लावते, बारीक काड्यांना कोण लावत बसणार.

छाटून झालं की कुंडी अगदी भकास दिसते. घरचे विचारतात, मारलंस का झाड. पहिल्या वर्षी मलाही रात्री झोप लागली नव्हती, खोटं कशाला बोलू. पण कुंडीतली वरची दोन-तीन इंच माती उकरून काढायची, दोन दिवस तशीच उन्हात राहू द्यायची, मग नवी माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरपूर पाणी द्यायचं. दोन ते तीन आठवड्यांत डोळे फुटायला लागतात, आधी लालसर-हिरवे टाचणीच्या टोकासारखे कोंब, मग बघता बघता पानं. एप्रिल-मेमध्ये थोडी फुलं येतात, ती चाखायपुरती, आणि खरा बहर पहिला पाऊस पडून गेल्यावर.

ऊन हा दुसरा मुद्दा. पाच-सहा तासांचं थेट ऊन पाहिजेच, त्यात तडजोड नाही. "उजेड भरपूर आहे" म्हणजे ऊन नव्हे. उत्तरेकडची गॅलरी असेल तर जुई लावू नका, उगाच झाडाला आणि स्वतःला त्रास, तिकडे मनी प्लांट छान वाढतो. माझी गॅलरी पश्चिमेची आहे, दुपारी बारापासून साडेसहापर्यंत ऊन, उन्हाळ्यात फरशीवर पाय भाजतो, आणि जुई तिथे खूश आहे.

कुंडी १६ ते १८ इंचांची घ्या, लहान कुंडीत लावून मग मोठीत बदलू असं म्हणणारे कधीच बदलत नाहीत. ग्रो बॅग चालते, उलट हलकी पडते, फक्त खाली भोकं नीट आहेत ना ते बघा. मातीचं म्हणाल तर शेतातली काळी माती नुसती वापरू नका, ती पाणी धरून बसते आणि पावसाळ्यात मुळं कुजतात. मी दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा भाताचं तूस असं घेते. कोकोपीट थोडं चालेल पण लोक अर्धी कुंडी कोकोपीटने भरतात आणि मग वरून कोरडं, आतून ओलं अशी भानगड होते. शेणखत कुजलेलं आहे का ते मुठीत दाबून बघा, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं असलं पाहिजे, शेणाचा वास येत असेल तर अजून दोन महिने ठेवा बाजूला.

खताबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याच कोइमतूरच्या शिफारशीत शेतातल्या एका झाडाला वर्षाला नत्र (नायट्रोजन) ६० ग्रॅम, स्फुरद (फॉस्फरस) १२० आणि पालाश (पोटॅश) १२० असं आहे, छाटणीनंतर अर्धं आणि जून-जुलैत अर्धं. हे आकडे शेतातल्या झाडाचे आहेत, कुंडीत एवढं ओतलंत तर झाड जळून जाईल. पण प्रमाण बघा, नत्र बाकीच्यांच्या निम्मं! आणि आपण घरी काय करतो, युरियाची चिमूट, शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी दर आठ दिवसांनी, म्हणजे नत्रावर नत्र. मग वेल पानांनी गच्च होतो आणि फुलं गायब. माझं आता साधं आहे, जानेवारीत शेणखत आणि निंबोळी पेंड, मग मार्चपासून महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, आणि जूनच्या सुरुवातीला एकदा दोन चमचे हाडांचा चुरा आणि थोडी लाकडाची राख (ज्यांना हाडांचा चुरा चालत नाही त्यांनी रॉक फॉस्फेट घ्या). पेंडीचं पाणी फक्त छाटणीनंतर फुटवे येताना एकदा-दोनदा. बस.

वेल चढवायचा कशावर ह्यात सगळे चुकतात. जुईला मुळं फुटून भिंतीला चिकटत नाहीत, कृष्णकमळासारखे स्प्रिंगवाले ताणे पण नाहीत, ती स्वतःच कशाभोवती तरी पीळ घालत जाते. म्हणजे तिला बारीक आधार पाहिजे, तार, काठी, जाळी, ग्रिलचे गज. चार इंची पाईपवर चढवायला गेलात तर ती घसरून खाली ढीग होऊन बसेल. सुतळी लावू नका, एका पावसाळ्यात कुजते आणि ऐन बहरात अख्खा वेल खाली येतो, तोही अशा रात्री जेव्हा पाहुणे आहेत. प्लास्टिकचं आवरण असलेली तार घ्या. बांधताना आठच्या आकड्यासारखा सैल फास, फांदी आणि तारेच्या मध्ये बोट जाईल इतका.

आणि इथे एक युक्ती आहे जी छाटणीइतकीच कामाची आहे. नवा कोंब सरळ वर जाऊ देऊ नका, आडवा वळवा. शेंडा वर असला की खालचे डोळे झोपलेले राहतात, फांदी आडवी केली की ते एकेक करून जागे होतात आणि प्रत्येक डोळ्यातून एक कोंब उभा राहतो. मी ग्रिलवर पंख्याच्या पात्यांसारख्या फांद्या पसरते, कोवळ्या असतानाच, कारण जून झाल्या की काडकन मोडतात. कोंब हातभर झाला की शेंडा चिमटीने खुडायचा, त्याला दोन फुटतात. मेच्या शेवटापर्यंत हे करायचं, त्यानंतर हात लावायचा नाही कारण मग तुम्ही कळ्याच खुडत असता.

पाणी, उन्हाळ्यात कुंडीला रोज, कधी दोनदा. पावसाळ्यात आधी बोट घालून बघायचं आणि मग ठरवायचं. ताटली ठेवत असाल तर पावसाळ्यात काढा. खालच्या मजल्यावर पाणी टपकतं म्हणून तक्रार येते हे मान्य आहे, आमच्याकडेही आली, मी कुंडी विटांवर ठेवून खाली तिरका पत्रा लावला, पाणी आता मोरीकडे जातं. गळलेली फुलं मात्र खाली जातातच, त्यावर उपाय एकच, अधूनमधून खालच्यांना गजरा.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर काही महिन्यांनी नवी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात, जाळीसारखी. हे पाणी कमीजास्त झाल्याचं लक्षण नाही, क्षारांमुळे झाडाला लोह मिळत नाहीये. हिराकस (फेरस सल्फेट) आणा, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, महिन्याने परत. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत, माझ्या गॅलरीत एक कायमचा नकाशा आहे.

आता रोग-किडी. सगळ्या सांगत बसत नाही. उन्हाळ्यात पानाच्या पाठी लाल कोळी येतो, त्याला पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून. पिठ्या ढेकूण (मिलीबग) दिसला तर साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश. कळीला भोक आणि आत हिरवट अळी, तर त्या कळ्या खुडून टाका आणि निंबोळी अर्क मारा, पाच टक्के, आठवड्याने परत.

पण एक गोष्ट जुईची खास आहे आणि ती ओळखता आली पाहिजे. कोवळ्या पानांवर, काड्यांवर, कधी कळ्यांवर सुद्धा पांढरी लव येते, जणू कोणी पांढऱ्या लोकरीचे तुकडे चिकटवलेत. पानं वेडीवाकडी होतात, वाढ थांबते. बघणारा प्रत्येक जण म्हणतो बुरशी. बुरशी नाही ती. डोळ्याला न दिसणारा एक कोळी पानातला रस शोषतो आणि पानच त्या जागी ही लव उगवतं. बोटाने पुसून बघा, बुरशी भुकटीसारखी बोटाला येते, ही निघत नाही, पानाचाच भाग असते. तेवढा सगळा भाग छाटून टाका, कंपोस्टात नाही, कचऱ्यात, आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा. कडक उन्हात गंधक मारलं तर पानं करपतात, म्हणून ऊन उतरल्यावर. कोइमतूरचीच पारिमुल्लै नावाची एक जात आहे ती ह्या कोळ्याला दाद देत नाही, पण आपल्याकडच्या नर्सरीत जातीचं नाव विचारलं की माणूस आपल्याकडे असा बघतो की विचारू नका.

आणि कधी फुलाच्या जागी हिरव्या पानांचा गुच्छच यायला लागला, म्हणजे कळी आहे पण ती पानासारखी झालीये, तर तो वेल उपटून टाका. वाईट वाटतं पण त्याला औषध नाही, आणि त्याची काडी कुणाला देऊ नका.

काडीवरून आठवलं. रोप विकत घ्यायची गरजच नाही खरं तर, ओळखीत कुणाकडे चांगली जुई असेल तर जुलैमध्ये दाब कलम करून घ्या. खालची लांब फांदी वाकवायची, शेजारी मातीने भरलेली छोटी कुंडी ठेवायची, फांदीच्या पेराखाली चाकूने इंचभर तिरकी चीर द्यायची, चिरेत काडेपेटीतली काडी घालायची म्हणजे ती मिटत नाही, मग ते पेर मातीत दाबून वर दगड ठेवायचा. माती ओली ठेवायची. दोन-अडीच महिन्यांत मुळं धरतात, दसऱ्याच्या सुमारास आईवेलाकडून तोडायचं. नुसत्या छाट कलमानेही होतं, वीतभर काडी, दोन पेरं मातीत, पण माझ्या पाचातल्या दोन जगतात, दाब कलम मात्र कधी फसलं नाही.

माझी बहीण लंडनजवळ असते, तिने मला उत्साहाने फोटो पाठवला की आमच्याकडे पण जुई मिळते, स्टार जास्मिन. मी म्हटलं पान तोडून बघ. तोडलं तर पांढरा चीक. ती जुईच्या कुळातली नाहीच, कण्हेरीच्या कुळातली आहे, नुसतं नाव जास्मिन. पण तिकडच्यांनी तीच लावावी, सदाहरित आहे, पांढरी फुलं, छान वास, आणि थोडीफार थंडी सहज काढते. आपली जुई तिकडच्या हिवाळ्यात बाहेर ठेवली तर मार्चपर्यंत कुंडीच उरेल. फक्त त्या स्टार जास्मिनला आपल्यासारखं जानेवारीत खच्ची करू नका, फुलं होऊन गेल्यावर हलकं छाटायचं.

आणि जुईच्या वासाने साप येतो का, हा नेहमीचा प्रश्न. वासाने साप येत नाही. जमिनीवर वाढलेल्या गुंत्यात उंदीर, बेडूक राहतात आणि त्यांच्यामागे साप येतो, मग वेल जुईचा असो नाहीतर भोपळ्याचा. बंगला असेल तर बुडाशी हातभर जागा मोकळी ठेवा. तिसऱ्या मजल्यावर काळजी करू नका.

कळ्या तोडायच्या त्या संध्याकाळी पाच-साडेपाचला, उमलायच्या आधी, पांढऱ्या झालेल्या आणि फुगलेल्या. हिरवट असेल ती उद्याची. झुबका ओढायचा नाही, एका हाताने देठ धरून दुसऱ्या हाताने कळी. जुईची नळी इतकी बारीक असते की सुईत ओवताना चिरते, त्यामुळे गुंफलेलीच बरी, केळीचं सोपट पाण्यात भिजवून त्याचा दोरा काढला तर गजरा जास्त वेळ ताजा राहतो. लगेच माळायचा नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आठच्या सुमारास फडक्यातच उमलतात आणि उघडलं की वास अंगावर येतो. फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, आमच्याकडे एकदा दोन दिवस दह्याला जुईचा वास येत होता आणि ताक कुणी प्यायलं नाही.